प्लॉट घेण्याआधी पऱ्या विचारा
दापोलीत शिकून गेलेल्या कृषी पदवीधरांना खुलं पत्र

प्रिय माजी विद्यार्थ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी कोणी आज कृषी खात्यात आहे, कोणी बँकेत, कोणी वनखात्यात, कोणी तहसील कचेरीत, कोणी खतं-बियाण्यांच्या कंपनीत, कोणी थेट परदेशात. तुमच्या बॅचचं संमेलन असलं की तुम्ही जवळच्या मुरूडला नाहीतर कर्द्याला उतरता, कृषी विद्यापीठात एक फेरी मारता आणि मग बाजारात चौकशी करत आमच्या जुन्या खाणावळीच्या घरी येता. तुम्ही आलात की घर भरतं. पण दर वेळी ओटीवर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "वहिनी, दापोली काय बदलली हो!" आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता दुसरं, "इथं कुठं दहा-वीस गुंठ्यांचा प्लॉट आहे का बघण्यात?"

ही दोन वाक्यं एकमेकांना लागून येतात आणि त्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते बोलायला त्या गडबडीत वेळ मिळत नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. लिहिणारी मी एकटी असले तरी यातल्या आठवणी पुष्कळांच्या आहेत. आम्ही काही जुनी दापोलीकर मंडळी अधूनमधून एकत्र बसतो आणि गावात पाणी कुठून यायचं, कुठं साठायचं, कुठल्या पऱ्याने (म्हणजे छोट्या ओढ्याने) कुठं जायचं ते एका वहीत उतरवतो. त्या वहीसाठी तुमच्याकडून काहीतरी हवं आहे. ते पुढे सांगते.

मी आंजर्ल्याची. लग्न होऊन इथं आले तेव्हा विद्यापीठ नवंच होतं. कृषी महाविद्यालय १९६५ मधलं, विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. डॉ. बाळासाहेब सावंतांचं नाव त्याला नंतर लागलं. सासूबाईंची खाणावळ महाविद्यालयाच्या सुरुवातीच्या तुकड्यांपासूनची. तसं शिकायला दापोलीत येणं त्याहून कितीतरी जुनं आहे. इंग्रजांच्या छावणीमुळे गावाला कॅम्प दापोली नाव पडलं, ते अजून पत्त्यात लिहितात. इथल्या मिशनच्या शाळेत पां. वा. काणे शिकले, पालगडचे साने गुरुजी शिकले. मुरूडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले. आंबडव्याच्या सुभेदार रामजी सकपाळांचं कुटुंब निवृत्तीनंतर काही काळ इथं राहिलं, तेव्हा भीमराव लहान होते. कर्वे, काणे आणि आंबेडकर या तिघांनाही भारतरत्न मिळालं. शिकणाऱ्या पोराला दोन घास घालणं हे या गावाला मुद्दाम शिकवावं लागलं नाही.

घाटावरच्या मुलांना पहिला महिना जड जायचा. कराड-पाटणकडची कुंभार्ली घाट उतरून चिपळूणवरून यायची, पुण्या-मुंबईकडची खेडच्या भरणे नाक्यावर एसटी बदलायची. दोन्ही वेळा भात बघून त्यांचे चेहरे उतरायचे. सासूबाई मग खेडहून ज्वारी मागवायच्या आणि आठवड्यातून दोनदा तरी भाकरी थापायच्या. हळूहळू तीच मुलं कुळथाची पिठी मागून घ्यायची, चैत्रात ओल्या काजूच्या उसळीसाठी रांग लावायची, हर्णैचे बांगडे आले की वास ओळखायची. श्रावणात कपडे चार-चार दिवस वाळत नसत, तेव्हा आमच्या चुलीच्या वर दोरी बांधून लातूरच्या आणि सांगलीच्या मुलांच्या विजारी सुकवल्या आहेत. बाबांनो, तुमच्यातल्या किती जणांची पहिली मनीऑर्डर यायला उशीर झाला आणि सासूबाईंनी खात्याची वही पुढच्या महिन्यावर ढकलली, ते तुम्हालाही आठवत असेल.

आणि तुम्हीही आम्हाला पुष्कळ दिलंत. आंब्याचं कोय कलम कसं बांधायचं ते मी खाणावळीत जेवणाऱ्या एका मुलाकडून शिकले. कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, पाचर कशी तासायची, पट्टी किती घट्ट आवळायची, हे तो जेवण झाल्यावर परसात बसून दाखवायचा. हापूस आणि नीलमच्या संकरातून विद्यापीठाने 'रत्ना' ही जात १९८१ मध्ये दिली. तिचं एक कलम असंच कोणीतरी सायकलच्या कॅरियरला बांधून आणून आमच्या विहिरीपाशी लावलं. २०२० च्या निसर्ग वादळात ते अर्धं मोडलं. उरलेल्या अर्ध्याला अजून आंबा धरतो. झेल्याला, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीला, पाती बसवून देठासकट आंबा काढायचा नूतन झेला आमच्या वाडीत पहिल्यांदा आला तोही तुमच्याच हातून. आधी आमची माणसं आंबा हिसडून काढायची आणि फळावर चीक ओघळून डाग पडायचे. देठ ठेवला की डाग पडत नाही, ही एवढीशी गोष्ट, पण पेटीचा भाव त्यावर ठरतो.

एवढं सांगितलं ते यासाठी, की दापोलीची माती, पाणी आणि झाड कसं वागतं हे ज्यांनी रीतसर शिकून घेतलं असे लोक महाराष्ट्रभर तुमच्यासारखे दुसरे नाहीत. आम्हाला ते अनुभवाने माहीत आहे. तुम्हाला ते कारणांसकट माहीत आहे.

आता पाण्याकडे येते.

दापोलीला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हा आकडा तुम्ही परीक्षेत लिहिलेला आहे. तरीही चैत्र-वैशाखात इथं टँकर फिरतात. आमच्या विहिरीला मी आले तेव्हा वैशाखातसुद्धा दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढं, पाणी असायचं. पन्नास मुलांचा स्वयंपाक, भांडी, आमची न्हाणी, गुरं, सगळं त्या एका विहिरीवर. आता होळी झाली की रहाट नुसता खडखडतो. पाऊस कमी झालाय असं कोणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. जुलैमध्ये बाजारपेठेतल्या दुकानांत जितकं पाणी शिरतं, तितकं पूर्वी कधी शिरत नव्हतं. म्हणजे पाणी येतंय. ते थांबत नाही, मुरत नाही.

आमच्या वहीत या बाबतीत जे जमा झालंय त्यातलं थोडं सांगते.

तुम्हाला तासावर सायकली भाड्याने देणारे एक चाचा आहेत, आता दुकान मुलगा बघतो. चाचा सांगतात, पावसाळ्यात एका ठिकाणी मुलांना सायकल खांद्यावर घ्यावी लागायची, कारण तिथं पऱ्या रस्ता ओलांडून जायचा. गुडघाभर पाणी, पण तासाभरात ओसरायचं. त्या जागी रस्त्याखाली मोरी झाली, मग मोरीच्या तोंडाशी भराव आला, मग त्या भरावावर इमारत उभी राहिली. आता तिथल्या तळमजल्यावरच्या दुकानदारांना दर पावसात माल वरच्या फळ्यांवर चढवून ठेवावा लागतो. ते लोक म्हणतात, गटारं साफ होत नाहीत. गटारं साफ व्हायला हवीत हे खरंच. पण चाचांनी बोटाने दाखवलं, तो पऱ्याचा जुना रस्ताच आहे. पाणी आपल्या जुन्या वाटेनेच चाललंय.

हर्णैहून पाटी घेऊन येणारी एक कोळीण मावशी आहे. तिची सासू एसटीचे पैसे वाचवायला चालत यायची, आणि दापोलीत शिरण्याआधी एका चिरेबंदी विहिरीवर पाय धुऊन, पाटीवरच्या पानांवर पाणी शिंपडून मग बाजारात बसायची. त्या विहिरीवर आता सिमेंटचा स्लॅब आहे आणि स्लॅबवर गाड्या लागतात. विहीर बुजवली की नुसती झाकली, ते कोणालाच सांगता येत नाही. मावशी म्हणते, "खाली पाणी हाय. स्लॅबला कान लावला तर पावसात आवाज येतो." आम्ही वहीत तसंच लिहून ठेवलंय.

निवृत्त कंडक्टर दादा आहेत. त्यांना रस्त्याकडेचं प्रत्येक झाड स्टॉपच्या नावाने पाठ. ते म्हणतात, खेडच्या रस्त्याने येताना दापोली जवळ आली की हवा बदलायची आणि खिडकीत पेंगणारी माणसं जागी व्हायची. समुद्रसपाटीपासून साधारण आठशे फुटांवर आपलं गाव, म्हणून लोक त्याला मिनी महाबळेश्वर म्हणायचे, अजूनही जाहिरातीत म्हणतात. दादांच्या मते तो गारवा उंचीचा कमी आणि ऐन, किंजळ, आंबा, फणस यांच्या दाट सावलीचा जास्त होता. हे मोजून कोणी ठेवलंय का, ते तुम्ही विद्यापीठात शोधू शकाल. आम्हाला एवढं ठाऊक आहे की पूर्वी आमच्या घरात पंखा नव्हता आणि लागतही नव्हता.

सगळ्यात जास्त नोंदी गडग्यांच्या आहेत, आणि मला स्वतःला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जुन्या दापोलीत दोन परसांमध्ये जांभ्याच्या दगडांचा गडगा असायचा, चुना-सिमेंट न घालता रचलेला. पावसाचं पाणी त्याच्या फटींमधून शेजाऱ्याकडे, तिथून खालच्या वाडीत, तिथून मळ्यात, असं संथ उतरायचं. वाटेत माती खाली बसायची. पाणी अडतही नव्हतं आणि धावतही नव्हतं. आता प्लॉट घेतला की पहिल्यांदा जेसीबी येतो, उतार सपाट होतो, आणि चारी बाजूंनी पायापासून काँक्रीटची भिंत उठते. वरच्या अंगाला पाणी तुंबतं, तुंबलेलं पाणी भिंतीच्या कडेने वाट काढत रस्त्यावर येतं, आणि डांबरावरून थेट जोग नदीकडे. आठ-दहा तासांत ते आंजर्ल्याच्या खाडीत. माझ्या माहेरची माणसं सांगतात, पहिल्याच मोठ्या पावसाला खाडीचं पाणी पूर्वीपेक्षा जास्त तांबडं होतं. ती तांबडी माती कोणाच्या तरी वरकशीतली, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीतली असते.

जांभा सच्छिद्र आहे, वरचं पाणी आत घेतो, खाली चिकणमातीचा आणि काळ्या दगडाचा थर लागला की ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या पायथ्याला झऱ्याने बाहेर पडतं. तुम्हाला हे सरांनी फळ्यावर काढून शिकवलंय. आम्ही ते आसूदला बघतो. केशवराजाला जाताना सुपारीच्या बागांमधून पाटाचं पाणी खळाळतं, देवळापाशी गोमुखातून बारा महिने धार पडते. ते पाणी वरच्या सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठारांवर पडलेल्या पावसाचं आहे. खालच्या वाड्या वरच्या उघड्या जमिनीच्या जिवावर जगतात. सड्यावरची जमीन पडीक दिसते, दलाल तिला "नुसता कातळ" म्हणून विकतो. पण तीच जमीन पाणी गिळते, आणि तिच्यावर लादी आणि काँक्रीट पसरलं तर आसूदच्या, मुरूडच्या, आंजर्ल्याच्या आगरांना, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागांना कधीतरी ते जाणवणार. निसर्ग वादळानंतर तर त्या आगरांमध्ये नव्याने लावलेली रोपं आहेत. ३ जून २०२० ला जे झालं ते तुम्ही दुरून फोटोंत पाहिलंत. पोफळी अक्षरशः आडव्या झाल्या, माडांचे शेंडे गेले, कित्येक दिवस वीज नव्हती, फोन नव्हता, वर कोरोनाची टाळेबंदी. त्या दिवसांत तुमच्यातले काही जण ताडपत्र्या आणि कौलं घेऊन आलात, पडलेल्या बागांचे पंचनामे कसे लिहायचे ते म्हाताऱ्यांना समजावून सांगितलंत. ते आम्ही विसरणार नाही. पोफळ लावल्यापासून हाताशी सुपारी यायला सहा-सात वर्षं जातात. ती रोपं आता कुठे उभी राहताहेत आणि त्यांना उन्हाळाभर पाटाचं पाणी हवं आहे.

बदल नकोच, असं मी म्हणत नाही आणि आमच्या बैठकीतही कोणी म्हणत नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात रात्री खेडला न्यायला गाडी मिळाली नव्हती. ते दिवस मला परत नको आहेत. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि मुंबईला गेलेली माणसं गणपतीला वेळेवर घरी पोचायला लागली. कृषी महाविद्यालयाच्या वर्गात पूर्वी मुली हाताच्या बोटांवर मोजाव्या लागत, आता त्या कलमं बांधताना, ट्रॅक्टर चालवताना दिसतात, आणि मला फार बरं वाटतं. समुद्राकाठच्या गावांत बायका घरगुती राहण्या-जेवणाची सोय करून स्वतःच्या हिमतीवर चार पैसे मिळवतात. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवडीला शंभर टक्के अनुदान मिळालं आणि नाचणी-वरीची वरकस आंबा-काजूखाली आली. नाचणी गेल्याचं मला दुःख आहे, पण त्या कलमांवर पुष्कळ घरांतली मुलं शिकली, हेही डोळ्यांसमोर आहे. आणि आता सुवर्णदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत आला आहे, २०२५ च्या जुलैमध्ये ती बातमी आली तेव्हा हर्णैत आनंदच झाला. गर्दी वाढणार. जमिनीचे भाव वाढणार. तुमचे फोनही वाढणार.

म्हणून तुमच्याकडे दोन मागण्या आहेत.

पहिली मागणी तुमच्या ट्रंकेतल्या कागदांची. रावेला असताना, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या सत्रात, तुम्ही गावोगाव राहायचात. त्यात एक दिवस देवळापुढच्या पटांगणात गावाचा नकाशा काढायचा असायचा. मुली जमिनीवर रांगोळीने रस्ते, घरं, विहिरी, शेतं काढायच्या आणि भोवती जमलेली म्हातारी माणसं काठीने पुसून दुरुस्ती करायची. "पऱ्या इकडून नाय, त्या वडाच्या मागनं जातो." "ती विहीर बाराही महिन्यांची, तिला निळा रंग दे." "हा मळा दुबार, इथं कुळीथ होतो." मग कोणीतरी तो सगळा नकाशा कागदावर उतरवून अहवालाला जोडायचं. मार्क मिळाले, अहवाल बांधला, विषय संपला. पण त्या नकाशांवर काठी टेकवणारी माणसं आता हयात नाहीत. त्यांना जे ठाऊक होतं ते सातबाऱ्यावर कुठंच नाही. सातबाऱ्यात विहीर फार तर नोंदलेली असते, ती फाल्गुनात आटते की जून गाठते, ते नसतं. पऱ्या हंगामी असला तर तो पुष्कळदा मोजणीच्या नकाशातही नसतो, आणि जो नकाशात नाही तो बुजवला तरी कोणाला काही विचारता येत नाही. ज्यांच्याकडे त्या अहवालांच्या प्रती असतील त्यांनी त्या आम्हाला द्याव्यात.

फोटोही हवे आहेत. गॅदरिंगचे, सहलींचे, वाकवलीच्या प्रक्षेत्रावर चिखलणी करतानाचे, एनएसएसच्या शिबिरात बंधारा घालतानाचे. तुमचे चेहरे तर आम्ही बघूच, पण आम्हाला मागचा डोंगर बघायचा आहे, शेत कुठवर होतं ते बघायचं आहे. कार्तिकात ओढ्याची धार बारीक झाली की दगड रचून, मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालून तुम्ही कोकण विजय बंधारे घालायचात. दोन दिवसांत होणारं काम, आणि त्या बंधाऱ्याच्या वरच्या विहिरी महिना-दीड महिना जास्त पुरायच्या. ते बंधारे नेमके कुठं होते हे तुमच्या फोटोंतून कळलं तर यंदा दिवाळीनंतर आम्ही पुन्हा घालू शकू. हात आमचे आहेत. जागा तेवढी अचूक कळायला हवी.

दुसरी मागणी जमीन घेणाऱ्यांकडे आहे. तुम्हाला दापोलीत घर हवंसं वाटतं, हे मला समजतं. ज्या गावात माणूस विसाव्या वर्षी राहिला त्या गावी त्याला परत यावंसं वाटणारच. या, घर बांधा. पण प्लॉट डिसेंबरात बघू नका, जुलैत बघा. छत्री घेऊन तासभर त्या जमिनीवर उभे राहा आणि पाणी कुठून येतंय, कुठं जातंय ते बघा. शेजारच्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, की इथून पऱ्या जायचा का. तो 'हो' म्हणाला तर कागद कितीही स्वच्छ असले तरी ती जागा सोडा, नाहीतर पऱ्याला त्याची रुंदी देऊन घर बाजूला घ्या. उतार सपाट करू नका. उतारावर समतल चर काढून पाणी जिरवायचं हे दापोलीत तुम्हीच लोकांना शिकवलंय, ते स्वतःच्या वीस गुंठ्यांत करा. जुना गडगा असेल तर तो पाडू नका, पडला असेल तर रचून घ्या, अजून रचणारी माणसं गावात आहेत आणि त्यांना काम नाही. ऐन-किंजळ तोडून त्या जागी लॉन लावू नका, ते लॉन उन्हाळ्यात जगवायला तुम्ही बोअर माराल, आणि त्या बोअरचं पाणी खालच्या कोणाच्या तरी विहिरीतून येईल.

आणि तुमच्यातले जे सरकारी खुर्चीवर आहेत त्यांना हात जोडून सांगते. कोकणातल्या कुठल्याही गावची जमीन बिनशेती करण्याची फाईल तुमच्या टेबलावर आली, तर कागदावर नसलेला पऱ्या आहे का, हे एकदा गावात विचारा. तलाठ्याला विचारा, सरपंचाला विचारा, गुराख्याला विचारा. तुम्ही प्रश्न विचारलात तर नियमात बसवून उत्तर मिळवता येतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आमच्यासारख्यांनी विचारलं की लोक म्हणतात, म्हातारीला काय कळतंय.

गेल्या वर्षी तुमच्यातली एक मुलगी, आता मोठी अधिकारी आहे, आली होती. तिला मी विहिरीपाशी नेलं. आत डोकावून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वहिनी, हिची पातळी दर महिन्याला लिहून ठेवा. दोरीला गाठी मारा आणि लिहा." तेव्हापासून मी लिहिते आहे. आणखी काही घरांनीही सुरू केलंय. दर महिन्याच्या पौर्णिमेला सकाळी, उपसा करण्याआधी. या नोंदी कशा मांडायच्या, पावसाच्या आकड्यांशी कशा ताडून बघायच्या, हे सांगायला कोणीतरी शिकलेलं माणूस हवं आहे. ज्यांना वेळ असेल त्यांनी हे काम अंगावर घ्यावं. निवृत्त झालेल्यांनी तर घ्यावंच.

या वर्षीचं संमेलन ज्या बॅचचं असेल त्यांनी ते मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत ठेवावं, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधी एक सकाळ आपल्याला पऱ्याच्या काठाने चालता येईल. वरच्या सड्यापासून सुरुवात करू आणि जोग नदीला मिळतो तिथवर जाऊ. वाटेत जिथं तो दिसेनासा होतो तिथं थांबून, जुना नकाशा उघडून खूण करू. चाचा आणि कंडक्टर दादा येणार आहेत. पायांत चपला नको, बूट घाला, काटे फार आहेत.

आणि अहवाल पाठवताना मागच्या पानावर गावाचं नाव, साल आणि तुमच्या गटातल्या सगळ्यांची नावं लिहा. नकाशा पेन्सिलीने काढलेला असेल तर पाठवण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. इथल्या दमट हवेत जुने कागद फार दिवस टिकत नाहीत.

तुमची,
खाणावळीतली वहिनी
कॅम्प दापोली